बंद गिरण्यांच्या जागा आणि त्यांची माती : इंदूरकरांसाठी एक टिपण

मंडळाच्या मागच्या वारसा फेरीत आपण हुकुमचंद मिलच्या कुंपणाबाहेर उभे होतो. मी नेहमीप्रमाणे सर सेठ हुकुमचंदांपासून सुरुवात केली होती. एका तरुण सदस्येनं मध्येच विचारलं, "काका, इथं आता इमारती होणार म्हणतात. मग आत कुठं काय होतं, ते कोणी लिहून ठेवलंय का?" तिच्या मनात चिमणी, इंजिनघर, शेडची करवती छपरं असं काही असणार. मी त्यापुरतंच उत्तर दिलं. पण घरी येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण मला वास्तूंच्या आधी मातीची आठवण झाली होती. हे टिपण म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर.

आधी स्वतःची एक गोष्ट सांगून टाकतो. मी सिव्हिल इंजिनीयर. नोकरीची सुरुवातीची वर्षं इमारतीच्या पायासाठी मातीची तपासणी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत गेली. नव्वदच्या दशकात आमच्याकडे बंद पडलेल्या एका प्रोसेस हाउसच्या जागेचं काम आलं. शहर कुठलं आणि मालक कोण, ते राहू द्या. तिथं चार मजली इमारत व्हायची होती. आम्ही नकाशावर चौकटी आखल्या, नऊ बोअर मारले, मातीची भार सोसण्याची ताकद काढली आणि अहवाल दिला. ताकद उत्तम होती. अहवालावर सही माझी.

दोन महिन्यांनी पायाचे खड्डे खोदताना एका कोपऱ्यात जांभळट पाणी लागलं. वास असा, की मजूर काम टाकून वर आले. गेटवर अजूनही येऊन बसणारा जुना रखवालदार खड्ड्यात डोकावून म्हणाला, "साहेब, इथंच तर रंगाची मोरी होती. पुढं टाकी होती. ती फुटली तेव्हा वरून मुरूम टाकून दिला." आमच्या नऊ बोअरपैकी सगळ्यांत जवळचा त्या टाकीपासून वीस फुटांवर होता. पुढं काय झालं? पाणी उपसून नाल्यात सोडलं, खड्डा पुन्हा मुरमानंच भरला, इमारत उभी राहिली. मी वरिष्ठांना विचारलं, तर म्हणाले, "आपल्याला ताकद विचारली होती, वास नाही." मी गप्प बसलो. तो रखवालदार आम्ही बोअर मारत होतो ते तीनही दिवस तिथंच बसलेला होता. त्याला एक शब्द विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आता इंदूर. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८६० च्या दशकात सरकारी कापड गिरणी काढायला घेतली तेव्हा शहरात रेल्वे नव्हती. यंत्रं खांडव्याकडून हत्तींनी ओढत आणली, असं आपल्याकडे सांगतात. पुढं विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, भंडारी, कल्याणमल, राजकुमार अशा गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांचा इतिहास मंडळाच्या टिपणांत अनेकदा आलाय, तो पुन्हा सांगत नाही. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. ५,८९५ कामगारांच्या देण्यांचा लढा कोर्टात चालला आणि २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटी रुपयांवर मिटला. बत्तीस वर्षं. तोवर कित्येक कामगार गेले होते, पैसे त्यांच्या बायकामुलांच्या हाती पडले. बेचाळीस एकरांच्या आसपासची ती जमीन गृहनिर्माण मंडळाकडे गेली आणि तिथं घरं, दुकानं, कचेऱ्या करायचं ठरलं. या सगळ्या काळात जमिनीच्या भावावर अमाप बोललं गेलं, आणि ते बरोबरही होतं, कारण कामगाराचा पैसा त्या भावातूनच निघणार होता. मातीबद्दल बोललेलं मात्र माझ्या कानावर आलं नाही. मुंबईच्या गिरणगावातही साधारण तेच झालं. जमिनीचे तीन वाटे कुणाला किती, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं. जमिनीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न मागेच राहिला.

हुकुमचंदची किंवा दुसऱ्या अमुक एका गिरणीची माती दूषित आहे, असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही, आणि ती साफ आहे असंही म्हणता येत नाही. पण पन्नास-साठ वर्षं चाललेल्या कापड गिरणीत काय काय असतं, ते सांगता येतं. बॉयलरची राख असते. ती बाहेर कोण नेणार? आवारातली सखल जागा भरायला ती सोयीची. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिकसारखे धातू थोड्या प्रमाणात असतात, अर्धवट जळलेल्या कोळशाचं डांबर असतं. रंगखात्यात रंग पक्का करायला बायक्रोमेट वापरत. त्यातलं क्रोमियम पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं. ब्लीचिंगचा चुना, कॉस्टिक, गंधकी रंग आहेत. फर्नेस ऑइलच्या टाक्या आणि त्यांचे जमिनीखालचे पाइप आहेत. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल आहे, वाफेच्या नळांवर गुंडाळलेलं अ‍ॅस्बेस्टॉस आहे. वर्कशॉपमध्ये यंत्रांचे भाग धुवायला जी ग्रीस काढणारी द्रवं वापरत, ती तर पाण्यापेक्षा जड असतात; जमिनीतल्या पाण्यावर तरंगत नाहीत, तळाशी जाऊन बसतात.

आणि खाली आपली माळव्याची काळी माती. तिच्या स्वभावाला दोन बाजू आहेत. चिकण असल्यामुळे ती धातू धरून ठेवते, सहज सोडत नाही. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि त्या भेगांतून सांडलेलं द्रव थेट मुरमात उतरतं, मुरमाखालच्या काळ्या खडकाच्या फटींत शिरतं. तिथून ते कुठं निघेल, सांगता येत नाही. जवळची विहीर चांगली आणि दोनशे फुटांवरची बाटलेली, असं होऊ शकतं. म्हणून नकाशावर सारख्या अंतराच्या चौकटी आखून बोअर मारणं हा आपल्या भूमीत बऱ्याच अंशी जुगार आहे. टाकी कुठं होती, मोरी कुठून कुठं जायची, राख कुठल्या साली कुठं टाकली, हे आधी कळलं तर दहा बोअरमध्ये जे सापडतं, ते न कळता शंभरातही सापडेल याची खात्री नाही. सफाईच्या या सगळ्या विद्येची पहिली पायरी म्हणजे चक्क इतिहास लिहिणं. हे मला इतिहासाच्या नादाला लागल्यावर कळलं, इंजिनीयर असताना नाही.

अमेरिकेला हा धडा फार महागात पडला. नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खोदलेला एक कालवा होता. हुकर केमिकल कंपनीनं १९४२ पासून दहाएक वर्षं त्यात वीस हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा पुरला, वर मातीचा थर दिला, आणि १९५३ मध्ये ती जागा शहराच्या शाळा मंडळाला एक डॉलरला विकली. मजा म्हणजे खरेदीखतात लिहिलं होतं, की इथं रासायनिक कचरा भरलाय आणि पुढं काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. म्हणजे नोंद होती! पण शाळा बांधली गेली, आजूबाजूला घरं झाली, गटारांसाठी त्या चिकणमातीच्या भिंतीच खोदल्या गेल्या, आणि ज्यांनी घरं घेतली त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या ओळीचा पत्ता नव्हता. पुढं तळघरांत रसायनं झिरपू लागली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली.

त्यातून १९८० चा 'सुपरफंड' म्हणून ओळखला जाणारा कायदा आला. त्यानं सफाईची जबाबदारी जमिनीच्या आजच्या मालकावरही टाकली, मग घाण त्यानं केलेली असो वा नसो. सहा वर्षांनी त्यात एक पळवाट दिली गेली: घेण्याआधी जागेच्या पूर्वेतिहासाची योग्य चौकशी केली असेल आणि तरी काही कळलं नसेल, तर मालक सुटू शकतो. झालं! बँका आणि बिल्डर रांगेनं इतिहास विचारू लागले. १९९३ मध्ये या चौकशीचं ठराविक मानक निघालं. तिला ते 'पहिला टप्पा' म्हणतात. त्यात एकही बोअर मारत नाहीत. जुनी खतं, जुने नकाशे, विमानातून घेतलेले फोटो, परवाने चाळतात, जागेवर फिरतात आणि जुन्या माणसांशी बोलतात. आगीच्या विम्यासाठी १८६७ पासून सॅनबॉर्न कंपनीनं काढलेले शहरांचे नकाशे यात सोन्याच्या मोलाचे ठरले, कारण आग कुठं लागेल हे ठरवायला त्यांनी प्रत्येक बॉयलर, तेलाची टाकी, रंगखातं नोंदवलं होतं. विमा कंपनीच्या भीतीतून शंभर वर्षांनी पर्यावरणाची विद्या उभी राहिली.

आपल्याकडचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २०२५ च्या १ जानेवारीच्या रात्री भोपाळहून बारा कंटेनर निघाले आणि पहाटे आपल्या शेजारी पीथमपूरला पोचले. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा. दोन दिवसांत पीथमपूर पेटलं, इंदुरात यशवंत सागरच्या पाण्याची काळजी सुरू झाली. तुमच्यापैकी काही जणांनी मला फोन करून विचारलं होतं, की गाव सोडायचं का. त्या वेळी मी जे तोंडी सांगितलं ते इथं नीट लिहितो.

कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. आवारातच जागोजागी कचरा पुरला जाई. १९७७ पासून रेल्वेरुळांपलीकडे सांडपाणी उन्हानं आटवण्याची तळी केली. ही तळी गळतात, हे १९८२ मध्ये कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारात लिहिलेलं होतं. ते कागद पुढं कोर्टकचेऱ्यांतून बाहेर आले. म्हणजे डिसेंबर १९८४ ची ती रात्र झाली नसती, तरी ही जमीन बिघडलेलीच होती. वायूच्या दुर्घटनेपुढं मातीचा प्रश्न कित्येक वर्षं कुणाला दिसलाच नाही. १९९८ मध्ये जागा राज्य सरकारकडे परत आली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं. २००५ मध्ये आवारातला वरवरचा कचरा गोळा करून एका शेडमध्ये ठेवला आणि मग तो कुठं जाळायचा यावर वीस वर्षं गेली. अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, गुजरातनं नकार दिला. नागपूरजवळ डीआरडीओच्या भट्टीचा विचार झाला, तिथं लोक आणि महाराष्ट्र सरकार दोघांनी विरोध केला. जर्मनीला विमानानं पाठवण्याची बोलणीही फिसकटली. शेवटी पीथमपूर.

त्या ३३७ टनांचा हिशेब असा होता: १६२ टन माती, ९२ टन सेव्हिन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेली कीटकनाशकं, २९ टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ. जवळजवळ अर्धी तर मातीच! फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, ताशी १३५, १८० आणि २७० किलो अशा वेगानं, आणि जूनअखेर बाकीचं जाळून झालं. उरलेली राख आठशे टनांहून जास्त भरली, कारण जाळताना चुना वगैरे घालावाच लागतो. ती राख कुठं पुरायची, हा नवा वाद.

माझं मत विचाराल तर भट्टी ठीक चालली, लोकांची भीतीही खोटी नव्हती. चाळीस वर्षं खरं न सांगितलेल्या माणसाला एकदम विश्वास ठेव म्हणून सांगता येत नाही. पण दोन्ही बाजूंनी एक आकडा फारसा बोलला गेला नाही. नागपूरच्या नीरी आणि हैदराबादच्या एनजीआरआय या संस्थांनी २०१० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार त्या आवारात आणि भोवताली सफाई लागणारी माती ११ लाख टन आहे. म्हणजे पीथमपूरला आली त्याच्या तीन हजार पटींहून जास्त. ती भोपाळलाच आहे आणि ती कंटेनरमध्ये भरून कुठं नेता येणार नाही. तिथंच तिच्यावर काम करावं लागेल.

हे काम कसं करतात? सगळ्यांत जुना मार्ग म्हणजे खणा आणि दुसरीकडे नेऊन पुरा. महाग, आणि दुसऱ्याच्या दारात नेणारा. माती धुता येते: वाळूचे जाड कण वेगळे केले, तर विष बहुतेक बारीक चिकण भागात उरतं आणि तेवढाच भाग सांभाळावा लागतो. आपल्या काळ्या मातीत मात्र बारीक भागच जास्त, त्यामुळे हा उपाय इथं लंगडा पडतो. सिमेंट मिसळून धातू जागीच जखडता येतात. वरून चिकणमाती आणि प्लॅस्टिकचा थर देऊन पावसाचं पाणी आत जाणं थांबवता येतं. बाटलेलं पाणी उपसून शुद्ध करता येतं, पण ती दशकांची नोकरी आहे. काही ठिकाणी पाण्याच्या वाटेत लोखंडाच्या कणांची भिंत पुरतात. पाणी त्यातून जाताना काही विषारी द्रवं मोडतात, क्रोमियमची धार बोथट होते.

आणि एक मार्ग जंतूंचा. इथं इंदूरकरांनी जरा कान टवकारावेत. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ आपल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, शेण, पालापाचोळा आणि माती थरांनी रचून, वेळेवर उलटून खत करण्याच्या पद्धतीवर काम करत होते. १९३१ मध्ये त्यांनी यशवंत वाड यांच्याबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. १९९० च्या दशकात अमेरिकेत ओरेगन राज्यात उमाटिला इथल्या दारूगोळ्याच्या डेपोत स्फोटकं मुरलेली माती शेण, भुसा, बटाट्याचा चोथा यांच्याबरोबर ढीग करून, ते ढीग उलटत साफ केली. ती हॉवर्डसाहेबांनी शिकवली असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण ढीग, ओल, हवा आणि उलटण्याची वेळ हे तंत्र तेच. छप्पन दुकानच्या पोह्यांइतका नाही, तरी थोडा अभिमान धरायला हरकत नाही.

पण 'साफ' म्हणजे किती साफ? इंजिनीयर तीन गोष्टी बघतो: विष आहे कुठं, ते चालतं कुठल्या वाटेनं, आणि शेवटी भोगतं कोण. वाट तोडली, तरी चालतं. म्हणून वाहनतळासाठी पुरेशी साफ असलेली माती बालवाडीच्या अंगणाला चालत नाही, कारण लहान मूल माती तोंडात घालतं. कोडाईकनालच्या बंद झालेल्या थर्मामीटर कारखान्यात हाच वाद वर्षानुवर्षं झाला. मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल, असं ठरलं. विरोधकांचं म्हणणं, डोंगरजंगलाच्या कडेच्या जागेला हा आकडा सैल आहे. दोन्ही बाजूंना विज्ञान होतं. भांडण खरं तर त्या जागेचं पुढं काय व्हायचं, याचं होतं.

हुकुमचंदच्या आवारात तीस वर्षांत दाट झाडी वाढली आहे आणि ती तोडू नये म्हणून बरेच लोक झटताहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. फक्त "एवढी झाडं आली म्हणजे माती चांगलीच असणार" हे म्हणणं सोडून द्यावं. बाभूळ, सुबाभूळ राखेच्या ढिगावरही येतात. उलट झाडांच्या बाजूनं चांगला मुद्दा असा, की मुळं माती धरून ठेवतात, धूळ उडू देत नाहीत, आणि जिथं काय आहे हे माहीत नाही तिथं आधी न खणणंच बरं.

पॅट्रिक गेडिस इंदूरला आले ते तुकोजीराव तिसऱ्यांच्या काळात, आणि १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल दरबाराला मिळाला. दिवाळीची ती उंदरांची आणि राक्षसाची मिरवणूक आपण सगळे रंगवून सांगतो आणि तिथंच थांबतो. गेडिसचा खरा हट्ट होता, आधी पाहणी, मग आराखडा. गल्लीगल्लीत पायी फिरून, नाला कुठून येतो, विहीर कुणाची, हे बघितल्याशिवाय तो रेघ ओढत नसे. आता केंद्र सरकारनं जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत. स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं संशयित जागा कळवायच्या, राज्याच्या प्रदूषण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. देशात अशा १०३ जागा नोंदल्या गेल्या असताना काम सुरू झालेल्या फक्त सातच होत्या, तेव्हा घाईनं हुरळून जाऊ नये. पण यादीत नाव कशाच्या आधारे जाणार? नगरपालिकेतल्या आजच्या साहेबाला रंगखातं कुठं होतं हे कुठून कळणार?

सॅनबॉर्नचे नकाशे आपल्याकडे नाहीत. होळकर संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल आहेत, त्यांत गिरण्यांबद्दल बरंच आहे, पण टाकी कुठल्या कोपऱ्यात ते नाही. ते माणसांकडे आहे, आणि १९९१ मध्ये तिशीत असलेला कामगार आज पासष्टीच्या पुढं आहे.

फेरीनंतरच्या रविवारी मी परदेशीपुऱ्यात एका आजोबांकडे गेलो. रंगखात्यात सत्तावीस वर्षं काम केलेलं. मी सोबत गूगलचा उपग्रह नकाशा छापून नेला होता, त्यांनी तो उलटसुलट फिरवून बाजूला ठेवला, म्हणाले, "यात तर फक्त झाडंच दिसतात." मग नातवाच्या लग्नपत्रिकेच्या मागं स्वतःच रेघा ओढायला लागले. गेट, टाइम ऑफिस, सांचे, बॉयलर. बॉयलरपासून एक लांब रेघ ओढून म्हणाले, ही राखेची गाडी. रंगखात्याशी आल्यावर त्यांनी तीन हौद काढले, मोरी काढली, आणि मोरी भिंतीशी आली तिथं पेन उचललं. थोडा वेळ विचार करून बायकोला हाक मारली, "अगं, तो तिवारी कुठं राहतो आता? पुढची मोरी त्याला ठाऊक."

तिवारींचा पत्ता लागलाय. येत्या रविवारी सकाळी दहाला मी जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी वही आणि पेन्सिल आणावी, कॅमेरा नसला तरी चालेल.